चि. मधुरास, बाबांकडून

चि. मधुरास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर मी आवाज चढवला, त्याचे अजून वाईट वाटते. माझ्या इकोत हृदयाची पंपिंग क्षमता ३५ टक्के आल्याचे आईने सांगितले, तेव्हाही तू रात्री प्रयोगशाळेतच होतीस, हे ऐकून माझा तोल गेला. जागरणाविषयी या पत्रात काही लिहायचे नाही, असे ठरवले आहे.

तू पाठवलेले चित्र भिंगातून पाहिले. उंदराच्या हृदयपेशीचा पृष्ठभाग सरी-वरंबे काढलेल्या वावरासारखा दिसतो, फक्त दोन सऱ्यांतले अंतर सुमारे २ मायक्रोमीटर. ज्या क्षारद्रवाने भरलेल्या काचेच्या नळीने तू हे चित्र काढतेस, तिचे टोक मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाएवढे. पेशी जवळ येताच नळीतला विद्युत्प्रवाह घटतो, त्यावरून चढउतार कळतात आणि पेशीला धक्काही लागत नाही. पुढे तीच नळी नकाशातल्या नेमक्या बिंदूवर टेकवून तिथल्या आयन चॅनेलची, म्हणजे विद्युतभारित कण आत-बाहेर सोडणाऱ्या सूक्ष्म दारांची, उघडझाप नोंदवायची, हे ३४ वर्षे साखळी आणि प्लेन टेबल घेऊन हिंडलेल्या भूकरमापकाला फार भावले. २००० साली लंडनमध्ये कोर्चेव्ह या संशोधकांच्या गटाला पोटॅशियमची चॅनेल अशीच सऱ्यांत, लहान लहान गटांनी सापडली. वेगळ्या केलेल्या पेशी काही तासच चांगल्या राहतात हे मला समजते, पण म्हणून रोज पहाटे तीनपर्यंत बसायचे? शरीर एकदा थकले की ते हिशेब मागते. मी पुन्हा शिकवू लागलो, माफ कर.

तू पाचवीत असताना नदीकाठच्या मोजणीला माझ्याबरोबर आली होतीस. नकाशात होता तिथे हद्दीचा दगड नव्हता आणि आम्ही सारे तिथेच उकरत होतो. तू बाभळीखाली पायाने माती सारलीस आणि म्हणालीस, "बाबा, दगड आहे, पण जागेवर नाही."

निकामी होत चाललेल्या मानवी हृदयाच्या पेशींत कॅल्शियमची चॅनेल सरीतून पेशीच्या आत शिरणाऱ्या नलिका सोडून वरंब्यावर काम करताना सापडतात, इतके सांगून परवा तू थांबलीस. उरलेले मी वाचून काढले: तिथे ती अधिक वेळ उघडी राहतात आणि ठोका चुकू शकतो. माझ्यासाठी शब्द गिळू नकोस. आणि प्रत्येक पेशीत बाबांचे हृदय शोधत रात्र काढू नकोस, एवढीच भीती वाटते.

गोळ्या वेळेवर घेतो, लोणचे बंद केले आहे. आई आवळ्याच्या वड्या पाठवते आहे.

पुढच्या फोनवर ते वाक्य पूर्ण कर, पण दिवसा फोन कर.

तुझे,
बाबा