बचाव पथकाची झोप कोण मोजतो?

महोदय,

ढिगारा उपसणाऱ्यांच्या मनाची काळजी म्हणजे परतल्यावर एखादे समुपदेशन-सत्र, असा समज अजून आहे. सगळ्यांना गोल बसवून पाहिलेले सगळे लगेच बोलायला लावू नये, असेच जागतिक आरोग्य संघटनाही सांगते. नको तेव्हा उकरलेली आठवण काहींच्या मनात अधिकच रुतते.

उपयोगी पडते ते साधे असते. पाळी 12 तासांपुढे नको. नवख्याबरोबर जुना, अशा जोड्या लावाव्यात. मृतदेह उचलण्याचे काम आलटून पालटून द्यावे, चेहरा लगेच झाकावा. खिशातले फोटो, चिठ्ठ्या, वाजत राहिलेला मोबाइल यांची नोंद मात्र दुसऱ्या माणसाने करावी. देहापेक्षा या वस्तूच पुढे छळतात. अनोळखी देहाला त्यांच्यामुळे घरदार मिळते.

पहिले काही दिवस झोप उडणे, दचकणे स्वाभाविकच. महिन्यानंतरही तीच दृश्ये डोळ्यांपुढे येत असतील, दारू वाढली असेल, तर मानसोपचारतज्ज्ञ हवा. पण ‘मला काही झालेले नाही’ हे उत्तर ठरलेले, कारण कबुली दिली की पुढच्या मोहिमेतून नाव कटण्याची भीती. म्हणून ही तपासणी सेवेच्या नोंदींत जाऊ नये. आणि ती पथकप्रमुखाचीही व्हावी. तो सहसा सुटतो.

– आपत्ती बचावकार्यातील काही कार्यकर्ते