सिस्टर, तुम्ही आकडे मोजत होतात

प्रिय सिस्टर,
सप्रेम नमस्कार.

डोळ्यांच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी तपासणीला आले तेव्हा तुम्ही ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये होतात. आठवड्याने आले तर तुमची रजा. तोंडाने सांगायचं राहिलं, म्हणून लिहितेय.

मी ती एसटीची कंडक्टर, दोन्ही डोळ्यांना मायनस साडेपाच. पावसाळ्यात भरलेल्या गाडीत चष्म्यावर वाफ धरली की तिकिटाच्या मशिनवरचे आकडे दिसत नसत. एकदा कुणाचं तरी कोपर लागून चष्मा पायाखाली गेला, तर पुढच्या थांब्यापर्यंत मी दांडा धरून जागच्या जागी उभी. तेव्हाच लेसिक, म्हणजे चष्मा घालवायचं लेझरचं ऑपरेशन, करायचं ठरवलं. पैसे साठवले, तारीख घेतली आणि आदल्या दिवशी रद्द केली. दुसरी तारीख घेतल्यावर ज्याला त्याला विचारत सुटले. सगळ्यांचं एकच, "काही होत नाही, दहा मिनिटांचं काम." त्या दहा मिनिटांत काय काय होतं, ते कुणी सांगेना, आणि माझी झोप उडालेली.

तपासणीच्या दिवशी बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घालून, चष्मा हातात धरून मी बाकावर बसले होते. तुम्ही शेजारी येऊन बसलात. "कशाची भीती वाटते, नेमकं सांग." मी म्हटलं, पापणी मिटली तर? शिंक आली तर? तुम्ही एकेकाचं उत्तर दिलंत. पापण्या चिमट्याने उघड्या धरतात, ती काळजी तुझी नाही. डोळा थोडा हलला तर मशिन त्याच्या मागे जातं, जास्त हलला तर लेझर थांबतो. शिंक येतेय वाटलं तर 'थांबा' म्हण, डॉक्टर पेडलवरचा पाय काढतील. केस जळल्यासारखा वास येईल, पण जळत काही नसतं, हा लेझर थंड असतो. (हे मी नंतर शोधून वाचलं. मद्रासमध्ये शिकलेल्या रंगास्वामी श्रीनिवासन यांनी 1981 साली अमेरिकेत, आयबीएम कंपनीत, जेवणातून उरलेल्या टर्की पक्ष्याच्या तुकड्यावर हा लेझर चालवून पाहिला. बाजूचं काही न करपता काप अगदी साफ आला.) आणि शेवटी तो अंधार. डोळ्यावर कडी बसवून दाब देतात, तेव्हा काही सेकंद दिसेनासं होतं. "नजर गेली असं वाटेल. गेलेली नसेल." हे आधी कळलं नसतं, तर मी टेबलावरून उठले असते.

मग तुम्ही विचारलंत, घरात झिरोचा बल्ब आहे का? आमच्याकडे लाल आहे, मोरीच्या दारावर. चष्मा काढून, उताणी पडून, हात पोटावर ठेवून त्याच्याकडे बघत राहायचं, श्वास सावकाश. पुसट दिसला तरी चालेल, ऑपरेशनच्या टेबलावर ज्या दिव्याकडे बघायचं, तोही मध्येच पुसट होतो. चार रात्री मी तेच केलं. बिनचष्म्याचा तो बल्ब म्हणजे भिंतीवर सांडलेलं कुंकू.

ऑपरेशनच्या दिवशी काजळ नाही, पावडर नाही, अत्तर नाही. थेंबांनी डोळे बधिर झाले. दिवा हिरवा होता. कडी बसली, हिरवा करडा झाला आणि मग काहीच उरलं नाही. माझा हात थरथरायला लागला तेवढ्यात कानाशी तुमचा आवाज आला, "एक... दोन... तीन..." सतराला उजेड परतला. दुसऱ्या डोळ्याला दाब जास्त जाणवला, तेव्हाही तुम्ही एकपासून मोजलंत. सिस्टर, तुमचे ते आकडे मी जन्मभर विसरणार नाही.

त्या दुपारी डोळे मिरची गेल्यासारखे चुरचुरले, पाणी थांबेना. तुम्ही सांगितलं होतं तसंच, म्हणून घाबरले नाही. डोळ्यांवर प्लास्टिकच्या वाट्या लावून झोपले. पहाटे जाग आली, वाट्या काढल्या आणि मोरीच्या दाराकडे पाहिलं. बल्बच्या होल्डरला काळी चिकटपट्टी गुंडाळलेली आहे, तिचं एक टोक सुटून वळलंय, त्यावर धूळ बसलीय. किती वर्षं ती तिथं असेल! मी आईला हाक मारून दाखवली.

अजून रात्री स्टँडवरच्या दिव्यांभोवती कडं दिसतं, डोळे कोरडे पडतात. थेंब वेळेवर घालते.

पुढची तपासणी तीन महिन्यांनी आहे. त्या दिवशी दोन मिनिटं बाहेर याल का? बाकावर बसलात तेव्हा माझ्या डोळ्यांत थेंब होते, ओटीत तुम्ही मास्कमध्ये. तुमचा चेहरा मी अजून पाहिलेला नाही.

तुमची,
मायनस साडेपाचवाली कंडक्टर