क्लच सोडवून देणाऱ्या काकांचे आभार

बाबांची जुनी गाडी सहा वर्षं झाकून पडलेली, इंजिन सुरू झालं पण क्लच दाबूनही गिअर पडेना, नुसती करकर. मी गिअरबॉक्स उतरवायलाच निघालो होतो, तेवढ्यात रस्त्याने जाणारे एक काका थांबले, म्हणाले क्लचची प्लेट गंजून फ्लायव्हीलला (इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाला) चिकटलीये. इंजिन तापवून बंद केलं, पेडल पूर्ण दाबून सीटला दांडका अडकवला, रात्रभर राहू दे म्हणाले. सकाळी सातला स्वतःहून हजर! मोकळ्या जागेत टॉप गिअर टाकून, पेडल दाबूनच स्टार्टर मारला, मग एक्सलरेटर-ब्रेकचे चारेक झटके आणि प्लेट खट्टकन सुटली. पैसे घेतले नाहीतच, वर हात पुसायला दिलेलं फडकं घडी करून बोनेटवर ठेवून गेले. नाव विचारायचंच राहिलं (माझा बावळटपणा). काका, मनापासून थँक्यू, गाडी रोज फिरतेय.