लग्नाआधी थोडंसं

चि. राजास,
अनेक आशीर्वाद.

लग्न महिन्यावर आलं. हॉल, केटरर, आहेर, सगळ्यावर आपण रोज फोनवर बोलतो. पण शरीराचं सुख आणि कामेच्छा या विषयावर आपल्या घरात बापलेक बोलत नाहीत. समोर बसलो तर मीच पावसापाण्यावर येईन, म्हणून लिहितोय.

परवा तू म्हणालास, लावणी म्हणजे शेवटी सेक्सच. मोबाइलवर जे दिसतं, त्यावरून तुला तसं वाटणं साहजिक आहे. मी वाईच्या यमुनाबाई वाईकरांची बैठकीची लावणी पाहिली, तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडलेली होती. अंगभर नऊवारी, मांडी घालून बसलेल्या. एकच ओळ फिरून फिरून गात होत्या. एकदा त्यात रुसवा, पुढच्या वेळी लाडीगोडी, मग टोमणा. सगळं बोटांत, भुवईत आणि मानेच्या जराशा झटक्यात. ऐकणाऱ्यांचे कान-डोळे जागे झाले होते, पण त्यापुढे कुणाला काही मिळवायचं नव्हतं. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली तेव्हा मी ऑफिसात पेढे वाटले होते.

दिवाळीच्या पहाटे कोमट तेल आणि उटण्याचा वास, मनगटापर्यंत ओघळणारा हापूस, उन्हातून आल्यावर पाठीला लागलेली गार फरशी. हे सुख इंद्रियांचं. लहानपणापासून म्हातारपणापर्यंत ते शरीराला मिळत असतं. कामेच्छा निराळी. तिला कुणीतरी हवं असतं, कुठेतरी पोचायचं असतं. दोन्ही एकमेकांत मिसळतात, आणि मिसळावीतच. पण दोन्ही एकच आहेत असं धरून चालणारा पुरुष बाहेर गजऱ्यात आणि अत्तरात आमंत्रण शोधतो, आणि घरी बायकोला हात लावतो तो फक्त 'त्या'साठी. मग खांद्यावर हात पडला तरी ती अंग चोरते, कारण पुढचं सगळं तिला पाठ असतं. असे संसार मी जवळून पाहिलेत.

अमेरिकेत मास्टर्स आणि जॉन्सन या संशोधक जोडीनं १९७० साली शरीरसंबंधात अडखळलेल्या जोडप्यांसाठीची उपचारपद्धत मांडली. तिचा पहिला गृहपाठ ऐकून मी चकित झालो होतो. संभोगाला सक्त मनाई. आळीपाळीनं एकमेकांना नुसता स्पर्श करायचा, तोही सुरुवातीला स्तन आणि जननेंद्रियं वगळून. लक्ष कुठे, तर ऊब, मऊपणा, खरखरीतपणा याकडे. 'जमेल ना?' ही धास्ती त्यानं उतरते. समुपदेशक आजही हे सांगतात. अडखळायची वाट न बघता तुम्ही दोघांनी तिथूनच सुरुवात केलीत तर काय बिघडलं?

तिला कधी नुसतं डोकं दाबून हवं असेल, कधी सरळ तेच हवं असेल आणि ती तसं बोलूनही दाखवेल. तेव्हा गांगरू नकोस. कळलं नाही तर विचार. नाही म्हणाली तर विषय संपला, तोंड पाडून बसायचं नाही. आणि स्वतःकडेही बघ. जिम सोडली तर शरीराशी तुझा संबंध काय? शेवटचं डोक्याला तेल कुणी लावलं होतं, आठवतंय का?

तुझ्या आईचं यावर वेगळं मत असू शकतं. ते विचारायची हिंमत माझ्यात नाही, तूही करू नकोस.

पत्राचं उत्तर नको. हॉलवाल्याला उरलेले पैसे शुक्रवारपर्यंत द्यायचे आहेत, तेवढं बघ.

तुझा,
बाबा