सुहेलीच्या पाण्याचा हिशेब आधी मांडावा

मा. संपादक,

महोदय, लक्षद्वीपमधील कदमत आणि कायम वस्ती नसलेले सुहेली या बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांचे आलिशान रिसॉर्ट उभारण्याची घोषणा जानेवारी २०२३ मध्ये झाली. समुद्र न पाहिलेल्या मेळघाटच्या माणसाने यात का बोलावे, असे कोणी विचारील. पण पाण्याच्या टंचाईचा अनुभव आमच्या गाठीशी भरपूर आहे. उन्हाळ्यात टँकर विहिरीत रिता होताच बायाबापड्या गढूळ पाण्यासाठी दोरीला कळशी बांधून काठावर दाटी करतात, आणि त्याच डोंगरावर पर्यटकांच्या न्हाणीघरांत मात्र नळ चालू असतात.

अवघ्या ३२ चौरस किलोमीटरच्या या द्वीपसमूहात एकही नदी नाही. पावसाचे गोडे पाणी प्रवाळी वाळूत मुरून खालच्या खाऱ्या पाण्यावर पातळ थरासारखे तरंगत राहते आणि उपसा वाढला की खारे पाणी वर चढते. समुद्राच्या पाण्यातले क्षार काढून ते गोडे करता येते (निःक्षारीकरण), हे खरे; परंतु त्यासाठी वीज लागते आणि उरलेले दाट खारे पाणी कोठे सोडणार, हा प्रश्न राहतोच. शिवाय बेटालगतच्या उथळ खाजणात (लगूनमध्ये) खांब रोवून व्हिला बांधायचे, तर गळाने टुना धरणाऱ्यांना लागणारे आमिषाचे बारीक मासे ज्या प्रवाळांत वाढतात, त्यांनाच धक्का बसेल. सुहेलीवर हंगामात मुक्काम ठोकणारे कवरत्ती बेटावरचे कोळी कोणाच्या गणतीत आहेत?

प्रशासनाने पाणी, सांडपाणी आणि कचऱ्याचा बेटनिहाय हिशेब मल्याळममध्ये जाहीर करून स्थानिक मच्छीमारांची सुनावणी घ्यावी आणि तोवर बांधकाम थांबवावे.

आपला,
एक वाचक, ता. चिखलदरा, जि. अमरावती