कोठीच्या तळाला पेपर नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

आपल्या पुरवणीत पावसाळ्याच्या बेगमीचा लेख आला होता. धान्याला कडक ऊन द्या, हे ठीकच. पण पुढे ‘पत्र्याची कोठी तारेच्या घासणीने लख्ख घासा, तळाला वर्तमानपत्र अंथरा आणि धान्य भरा’ असं छापलंय. चिपळुणात आमचं पत्राकामाचं दुकान आहे. कोठ्या, ट्रंका करणं आणि त्यांची डागडुजी यावरच घर चालतं, म्हणून लिहितो.

कोठीचा पत्रा म्हणजे आत लोखंड, वर जस्ताचा पातळ थर. गंज थोपवतं ते हे जस्त. बारीकसा ओरखडा गेला तरी आजूबाजूचं जस्त आधी झिजतं आणि लोखंडाला सांभाळून घेतं. तारेच्या घासणीने आपण तेच खरवडून काढतो आणि कोठी चकाचक झाली म्हणून खूश होतो! मऊ फडकं, कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मग झाकण काढून उन्हात पार कोरडी होईपर्यंत ठेवणं, बस.

सांध्याची गोष्ट वेगळी. तळाला पत्र्याची घडी मारलेली असते, तिथे जुनं पीठ, सोंड्याटोक्यांची घाण साचते. ती सुरीच्या टोकाने उकरायची सवय घरोघरी आहे. जुन्या कोठ्यांच्या सांध्याला डाख, म्हणजे वितळवलेल्या धातूचा जोड, दिलेला असतो आणि त्या डाखात कथलाबरोबर शिसंही असायचं. उकरलं की त्याचा चुरा धान्यात. त्यापेक्षा कोठी उपडी करून तळावर चार थापा माराव्यात, मग दात घासायचा जुना ब्रश कोरडाच फिरवावा. २२ जुलै २०२१ च्या पुरानंतर आमच्याकडे आलेल्या कोठ्या आतबाहेर धुतलेल्या, वरवर स्वच्छ. घडी उलगडली की आत वाशिष्ठी नदीचा गाळ. तिथूनच सडल्या त्या.

आता पेपरचं. कागद ओल धरतो. आषाढात आमच्याकडे फरशीलाही घाम फुटतो. कोठी थेट फरशीवर आणि आत कागद, म्हणजे तळ कायम दमट. कोंडलेल्या ओलीने जस्तावर पांढरी भुकटी धरते. गिऱ्हाइकं तिला पीठ समजतात, कुणी बोरिक पावडर. शिवाय छपाईच्या शाईमुळे वर्तमानपत्रात खाण्याचे पदार्थ बांधू नका, असा इशारा अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१६ मध्येच दिला आहे. वर्तमानपत्रानेच उलटा सल्ला द्यावा, याची गंमत वाटली. तळाला काहीच घालू नये. कोठी लाकडी फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब ठेवावी. उन्हातलं धान्य गरम गरम भरू नये, नाहीतर झाकणाला आतून पाणी सुटतं आणि वरचा थर बुरसतो. आमसुलं, चिंच, मीठ, खारवलेली सुकी मासळी यांना कोठीत थारा नको. आंबट आणि खारट दोन्ही जस्ताला खातात. त्यांना चिनी मातीची बरणीच बरी.

नवी कोठी घेताना गेज जरूर विचारा. आकडा जितका मोठा तितका पत्रा पातळ, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. २८ गेजची हलकी कोठी स्वस्तात मिळाली म्हणून उचलतात आणि २४ गेजला आमच्याशी घासाघीस करतात.

निदान त्या तारेच्या घासणीपुरती तरी पुढच्या पुरवणीत दुरुस्ती छापावी, ही विनंती.

आपला,
एक पत्राकाम कारागीर, चिपळूण