प्रार्थनेची हजेरी फायलीत नको : महिला व बाल विकास मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, महिला व बाल विकास,
महाराष्ट्र राज्य.

सप्रेम नमस्कार.

मी निवृत्त शिक्षिका आहे आणि ख्रिस्ती आहे. गेली नऊ वर्षे दर शनिवारी दुपारी, आमच्या मंडळीतल्या, म्हणजे चर्चमधल्या, आणखी तिघांबरोबर, मी एका निरीक्षणगृहात जात होते. गुन्ह्याचा आरोप असलेल्या अठरा वर्षांखालच्या मुलांना चौकशी चालू असेपर्यंत ठेवतात ते हे गृह. कोणत्या, ते इथे लिहीत नाही. तिथली मुले ओळखू येऊ नयेत हे एक कारण, आणि माझे म्हणणे त्या एका इमारतीपुरते नाही हे दुसरे. 'जात होते' असे लिहिले, कारण मध्यंतरी अधीक्षक बदलले आणि नव्या साहेबांनी आम्हाला गेटवरूनच परत पाठवले. आदेश दाखवा म्हटले, तर तोंडी आहे म्हणाले. लेखी मागितले, ते आजवर आलेले नाही. आता खरे सांगायचे तर आधीच्या नऊ वर्षांची परवानगीही तोंडीच होती. जुने साहेब भले होते, 'या हो टीचर' म्हणायचे, आणि आम्हालाही कागद मागावासा वाटला नाही. चूक तिथेच झाली.

आत आम्ही काय करतो, हे आधी सांगते. दीड तास मिळतो. कॅरम होतो, कुणाला घरी पत्र लिहायचे असते, कुणाला आलेले पत्र वाचून हवे असते. गाणी होतात. शेवटची वीस मिनिटे पवित्र शास्त्रातली एखादी गोष्ट आणि प्रार्थना, ज्याला बसायचे असेल त्याने बसावे. नव्या मुलाला आम्ही 'काय केलंस?' असे कधीच विचारत नाही. पहिल्याच आठवड्यात एका जुन्या काळजीवाहकाने मला बाजूला घेऊन हे शिकवले होते. पोलीस विचारतात, मुलांची प्रकरणे चालवणारे बाल न्याय मंडळ विचारते, समुपदेशक विचारतो, इतर पोरे तर विचारतातच. तुम्ही तरी विचारू नका, म्हणाले. आणि कायदाही वेगळे काय सांगतो? निरीक्षणगृहातल्या बहुतेक मुलांची चौकशी अजून चालू असते. बाल न्याय अधिनियम, २०१५ मधले पहिलेच तत्त्व असे की अठरा वर्षांखालच्या मुलाच्या मनात दुष्ट किंवा गुन्हेगारी हेतू नव्हता असे गृहीत धरायचे.

सुरुवातीला मी भाराभर बोलायचे. तीस वर्षे वर्गात बोललेली बाई, दुसरे काय करणार! एकदा उडाऊ पुत्राचा दृष्टान्त सांगितला. घर सोडून गेलेला मुलगा परत येतो, बाप दुरूनच त्याला पाहून धावत सुटतो, वगैरे. मागच्या रांगेतला एक मुलगा म्हणाला, "टीचर, त्याचा बाप वाटेवर उभा होता. माझा तर तारखेलाही येत नाही." त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. तेव्हापासून बोलणे कमी केले, आणि तारखेला कुणाच्या घरचे आले होते का, हे पुढच्या शनिवारी आवर्जून विचारू लागले.

आता मूळ प्रश्न. ख्रिस्ती माणसे बंद दाराआड मुलांना भेटतात म्हटले की पहिला संशय धर्मांतराचा येतो. मला त्या संशयाचा राग येत नाही. माझा मुलगा आत असता आणि अनोळखी लोक येऊन त्याला दुसऱ्या कुठल्या देवाचे नाव घ्यायला सांगत असते, तर मीही गेटवर जाऊन भांडले असते. संविधानाचे पंचविसावे कलम धर्माचा प्रसार करण्याचा हक्क देते. पण १९७७ मध्ये रेव्हरंड स्टॅनिस्लॉस खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की त्यात दुसऱ्याचे धर्मांतर करण्याचा हक्क येत नाही. हा निकाल ख्रिस्ती लोक आपसात थोड्या कुरबुरीने वाचतात. निरीक्षणगृहापुरता मला तो शंभर टक्के मान्य आहे. बाहेरच्या माणसाला माझे बोलणे आवडले नाही तर तो उठून जाईल. आतला मुलगा उठून कुठे जाणार?

माझी काळजी मात्र आणखी वेगळी आहे. दोनेक वर्षांपूर्वी एक मुलगा सलग सात-आठ शनिवार प्रार्थनेला पुढे येऊन बसायचा. डोळे मिटून, हात जोडून, सगळ्यांत मोठ्याने 'आमेन'. मी मनातून सुखावले होते. मग एक दिवस कॅरम खेळताना त्याने हळूच विचारले, "टीचर, मी दर वेळी येतो ते साहेब रिपोर्टमध्ये लिहितील ना?" म्हणजे सामाजिक तपासणी अहवाल, जो परिविक्षा अधिकारी मुलाच्या घरची आणि वागणुकीची चौकशी करून मंडळासाठी लिहितो. आमच्या मंडळीतल्या एकाने त्याला सांगितले होते म्हणे, की चांगली वागणूक लिहिली जाते. मुद्दाम खोटे बोलले असतील असे नाही, पण त्या एका वाक्याने प्रार्थनेचा अर्ज होऊन गेला. ज्याची सुटका दुसऱ्याच्या हातात आहे, त्याचा होकार हा होकार नसतो, हे मला त्या दिवशी कॅरमच्या बोर्डावर कळले.

म्हणून आपल्याकडे पहिली मागणी, आणि ती आमच्याच विरुद्ध आहे असे समजा : कुठलाही मुलगा किंवा मुलगी कोणत्याही धर्माच्या प्रार्थनेला, कीर्तनाला, पठणाला, ध्यानाला बसली की नाही, याची नोंद त्यांच्या फायलीत, अहवालात किंवा मंडळापुढच्या कागदांत कधीही होऊ नये, असा लेखी आदेश काढा. गेटवरच्या रजिस्टरात आमची सही असू द्या, वेळ असू द्या. मुलांची हजेरी नको. चांगली नको आणि वाईटही नको. जो मुलगा आमच्याकडे पाठ करून खिडकीत बसतो, त्याला 'उर्मट' असा शेरा मिळाला तर तो आमच्यामुळे मिळाला असे होईल.

हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नाही. स्वातंत्र्य हिरावलेल्या बालकांच्या संरक्षणाचे नियम संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने १४ डिसेंबर १९९० रोजी मंजूर केले. त्यातला ४८ वा नियम दोन्ही बाजू एकाच दमात सांगतो. मुलाला आपल्या पसंतीच्या धर्माच्या पात्र प्रतिनिधीची भेट मिळण्याचा हक्क आहे, आणि उपासनेत भाग न घेण्याचा, धार्मिक शिक्षण किंवा समुपदेशन नाकारण्याचाही हक्क आहे. गेट बंद केले तर पहिला हक्क जातो. गेट सताड उघडे टाकले तर दुसरा जातो. १९९२ मध्ये भारत बालहक्क संहितेत सामील झाला, तिचे चौदावे कलमही मुलाच्या विचारस्वातंत्र्याबरोबर आईवडिलांच्या मार्गदर्शनाचा उल्लेख करते. तेव्हा पालकांना आधी कळवा. कोण येते, कशासाठी येते, हे त्यांना तारखेच्या दिवशी सांगायला पाच मिनिटे पुरतात.

थोडे विषयांतर करते, शिक्षिकेची खोड. १८७६ मध्ये इंग्लंडमधल्या फ्रेडरिक रेनर नावाच्या मुद्रकाने चर्च ऑफ इंग्लंडच्या दारूबंदी संस्थेला पाच शिलिंग पाठवले. न्यायालयात पुन्हा पुन्हा उभ्या राहणाऱ्या माणसांसाठी कुणीतरी काही करावे, एवढेच त्याचे म्हणणे. त्यातून लंडनच्या पोलीस न्यायालयांत मिशनरी जाऊ लागले, आरोपींची हमी घेऊ लागले, घरी चौकशी करू लागले. १९०७ मध्ये त्याचा कायदा झाला आणि पुढे हळूहळू ते काम सरकारी झाले. त्याही आधी १८४१ पासून बॉस्टनमध्ये जॉन ऑगस्टस हा बूट बनवणारा माणूस हेच काम स्वतःच्या खिशातून करत होता. आपल्या विभागातल्या परिविक्षा अधिकाऱ्याच्या पदाचे मूळ असे स्वयंसेवकांत आहे. सरकारने ते काम आपल्याकडे घेतले हे फार बरे झाले, कारण मिशनरी दारू सोडण्याची शपथही घ्यायला लावत असत. म्हणजे मदत आणि अट एकत्र बांधायचा मोह आम्हा लोकांना जुनाच आहे.

माझा स्वतःचा एक गुन्हाही इथे कबूल करते. एका रविवारी उपासनेत साक्ष देताना, म्हणजे आपला श्रद्धेचा अनुभव सगळ्यांपुढे सांगताना, मी आतल्या एका मुलाची हकीकत सांगितली. नाव बदलले होते. वस्ती आणि बापाचा धंदा मात्र तसाच सांगितला, कारण त्याशिवाय गोष्टीला रंग चढत नव्हता. उपासना संपल्यावर एक बाई जवळ येऊन म्हणाल्या, "तो अमक्याचाच ना?" बाल न्याय अधिनियमाचे ७४ वे कलम मुलाची ओळख उघड करायला मनाई करते, हे मला माहीत होते. तरी मी केले. तेव्हापासून आतली गोष्ट बाहेर नाही, मंडळीच्या मासिकात नाही, मोबाइलवर नाही, निधी गोळा करतानाही नाही. हा नियम आम्ही स्वतः केला. तो आपल्या आदेशात असावा आणि मोडणाऱ्याचा प्रवेश त्याच दिवशी बंद व्हावा.

बाकीच्या गोष्टी लवकर सांगते. प्रत्येक स्वयंसेवकाची पोलीस पडताळणी व्हावी. एकट्या मुलाबरोबर बंद खोलीत कुणी बसू नये, कर्मचाऱ्याच्या नजरेसमोर पण कानाआड बसावे. 'कुणाला सांगणार नाही' असे वचन मुलाला देऊ नये, कारण लैंगिक अत्याचाराची गोष्ट कानावर आली तर ती कळवणे २०१२ च्या पोक्सो कायद्याने प्रत्येकावर बंधनकारक केले आहे. हे आम्ही मुलांना पहिल्याच भेटीत सांगतो, आणि गंमत अशी की त्यामुळे ती बोलायची थांबत नाहीत. भेटवस्तू नको. फोटो तर नकोच नको. आणि जो वर्षभर येण्याची लेखी हमी देत नाही त्याला आत घेऊ नका. सणासुदीला पन्नास लोक येतात, खाऊ वाटतात, भाषण करतात आणि पुन्हा दिसत नाहीत. आमचे लोकही नाताळात असे येतात, हे कबूल केलेच पाहिजे. मोठ्यांनी येतो म्हणून सांगावे आणि येऊ नये, याचा अनुभव या मुलांना पुरेसा आहे.

एका बाबतीत मात्र आपल्याकडून सैलपणा हवा. मुलगा सुटला की आमचा त्याच्याशी संबंध संपतो. हा नियम मला समजतो. बाहेर गेलेल्या मुलाच्या मागे कुणी लागू नये, जुनी ओळख त्याला चिकटू नये, नवी सुरुवात करायला मिळावी, हे कायद्याचेच तत्त्व आहे. पण नेमक्या त्याच आठवड्यात त्याला माणूस लागतो. शाळा परत घेत नाही, जुने दोस्त दुसऱ्या दिवशी दारात असतात. मुलाने आणि पालकांनी लेखी मागितले, परिविक्षा अधिकाऱ्याने संमती दिली, तर त्यांच्या देखरेखीखाली सहा महिने भेटायची मुभा असावी. धर्माचे एक अक्षर न काढता, शाळेचा दाखला मिळवून देणे, बसमधून पहिल्या दिवशी कामावर सोडणे, एवढेच. मंडळी म्हणून आम्हाला हे न काढणे जमेल का? काहींना जमणार नाही. त्यांना परवानगी देऊ नका.

बाल न्याय मंडळाने या गृहांची दर महिन्याला किमान एकदा पाहणी करायची असते. त्या पाहणीत मुलांना एक प्रश्न जादा विचारता येईल : बाहेरून येणाऱ्यांपैकी कुणी नको आहे का? आमचे नाव आले तर आम्ही जाऊ.

माझा अर्ज या वेळी कागदावर आहे, पोच घेतलेली आहे. होकार असो वा नकार, कारणासह लेखी कळवावे. आणखी एक छोटे काम आहे. शेवटच्या शनिवारी निघताना एका मुलाने विचारले होते, "पुढच्या वेळी येणार ना?" मी हो म्हटले होते. त्यानंतर आम्हाला आत जाता आले नाही. टीचर गेटपर्यंत आल्या होत्या, एवढा निरोप कुणाकरवी तरी त्याच्यापर्यंत पोहोचवावा.

आपली,
एक ख्रिस्ती स्वयंसेविका
(नाव व पत्ता अर्जात दिलेला आहे)